फॅन्सी गोल्डफिशसोबत दुसरं काय ठेवता येईल? (३ फुटी टँक, पुणे)

काचघर_पुणे

नमस्कार मंडळी. टँक ३६ × १५ × १८ इंच, वरचे दोन इंच रिकामे. आत तीन गोल्डफिश: रेडकॅप ओरांडा, ब्लॅक मूर आणि लाल-पांढरा र्‍युकिन. शेपटी सोडून तिघंही साधारण तीन-तीन इंच. टँक सायकल झालेला आहे (म्हणजे विष्ठेतल्या अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये तयार झालेत). हँग-ऑन (टँकच्या कडेला टांगायचा) फिल्टर, पेटीवर छापल्याप्रमाणे ताशी ८०० लिटरचा, शिवाय एक स्पंज फिल्टर. तळाला वाटाण्याएवढी रंगीत खडी. दर रविवारी ३० टक्के पाणी बदलतो.

टेस्ट किटचे आकडे: अमोनिया ०, नायट्राइट ०, पीएच ८, नायट्रेट पाणी बदलण्याआधी ४०. हे दर रविवारी जवळपास तेवढंच येतं. तापमान सध्या २६, एप्रिल-मेमध्ये ३० पर्यंत जातं, डिसेंबरात १९-२० ला येतं. चिलर नाही, हीटरही नाही.

काचेवर शेवाळ धरतं. दुकानदार म्हणतो दोन सकर मासे सोडा, काच आपोआप साफ राहील. वरच्या थरात हालचाल हवी म्हणून सहा टायगर बार्ब नाहीतर मॉली घ्या असंही सुचवलं. आणि एक शुबंकिन मनात भरलाय. तर:

१) सकर चालेल का?
२) वरच्या थरासाठी काय घ्यावं?
३) शुबंकिनही शेवटी गोल्डफिशच ना, मग काय हरकत?

टबातला_रांचू

माशांची नावं नंतर, आधी जागेचा हिशोब करू. लांबी × रुंदी × पाण्याची उंची इंचात घ्या आणि ६१ ने भागा, लिटर येतात. ३६ × १५ × १६ = ८६४०, म्हणजे १४१ लिटर. खडी आणि सामान वजा जाता १३० धरा. फॅन्सीसाठी ढोबळ नियम पहिल्या माशाला ७५ लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला ४०. तुमचे तिघंच १५५ मागतायत, म्हणजे टँक आत्ताच भरलेला आहे.

तुमचा नायट्रेटही तेच सांगतोय. दर आठवड्याला ३० टक्के पाणी काढून आकडा ४० वरच थांबत असेल, तर आठवड्याला साधारण १२ ने नायट्रेट वाढतोय (नळाच्या पाण्यात शून्य आहे असं धरून, एकदा नळाचंही पाणी तपासा). ४० चे ३० टक्के म्हणजे १२ गेले, १२ आले, आकडा जिथल्या तिथे. हेच ५० टक्के बदललंत तर काही आठवड्यांत तो २४ वर येऊन टेकेल. काही विकत घ्यायच्या आधी एवढं करा. अर्थात बादलीतल्या नव्या पाण्यात अँटीक्लोर (क्लोरीन घालवणारं औषध) घालून आणि तापमान जुळवूनच, निम्मं पाणी बदलताना फरक जास्त जाणवतो.

फिल्टर पेटीवर ८०० चा, म्हणजे तासाला सहा फेऱ्या, आणि स्पंज कचऱ्याने भरला की त्याहून कमी. गोल्डफिशला पेटीवरचा आकडा टँकच्या ८-१० पट असावा. पण म्हणून मोठा पॉवर हेड (पाण्यातला जोरदार पंप) लावू नका, ओरांडा प्रवाहात गडगडतो. एक मोठा स्पंज फिल्टर वाढवा, काम होईल. हँग-ऑनच्या शोषनळीच्या तोंडाला स्पंजची टोपी घाला, मूरच्या डोळ्यांसाठी ती हवीच.

शुबंकिनबद्दल: जात एकच, पण तुमचे तिघं दुहेरी शेपटीचे आणि तो एकशेपटी मासा. लांब सडक अंग, वेगाने पोहतो, फूटभर वाढू शकतो. ओरांडाचं तोंड दाण्यापर्यंत पोचेपर्यंत त्याने चार दाणे गिळलेले असतात. कॉमेट, साधा लाल गोल्ड आणि कोई यांनाही हेच लागू. कोई तर दोन फुटांवर जातो, तो हौदाचा मासा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नको’.

जाता जाता, ती खडी काढा. तीन इंची गोल्डफिशच्या तोंडात वाटाण्याएवढा खडा बरोबर मावतो आणि घशात बसतो. तोंड उघडं ठेवून मासा खायचं थांबला की आधी तिकडे बघायचं. अडकलाच तर ओल्या हातात मासा धरून, तोंड खाली करून घशाखाली हलकेच दाबतात, पण ती पाळी कशाला आणायची? धुतलेली बारीक वाळू एखादा सेंटिमीटर जाड, नाहीतर दीड इंचावरचे गुळगुळीत गोटे, नाहीतर सरळ मोकळी काच.

शंखशिंपले

सकरबद्दल मी लिहिते, हा प्रश्न दर महिन्याला येतो.

आपल्याकडे सकर किंवा क्रोकोडाइल म्हणून जो विकतात तो बहुतेक वेळा टेरिगोप्लिक्थिस असतो. दुकानात दोन इंच, पुढे फूटभर आणि त्याच्याही वर. लहानपणी शेवाळ खातो. मोठा झाला की त्याला गोल्डफिशचं खाणं जास्त आवडतं आणि काच तशीच राहते. शिवाय त्याची विष्ठा इतकी की वर ज्या १२ चा हिशोब मांडलाय तो कुठच्या कुठे जाईल.

खरा धोका रात्रीचा. फॅन्सी गोल्डफिश दिवे गेल्यावर तळाशी जवळजवळ निपचित राहतो, अंग रुंद, वर भरपूर चिकट थर. सकर त्याच्या कुशीला चिकटून तो थर खरवडतो. सकाळी बघाल तर पाठीच्या बाजूला किंवा पोटाच्या कडेला रुपयाएवढा फिकट गोल डाग, मधले खवले गेलेले. कडा लाल झालेल्या असतील तर जंतुसंसर्ग सुरू झाला म्हणून समजा. एकदा चव लागली की तो परत परत तिथेच जातो. भरपेट खायला घातलं तर चिकटत नाही, असं सांगणारे भेटतील. त्यावर विसंबू नका.

आणि नकोसा झाला की लोक नदीत सोडतात, ते तर अजिबात नको. उजनीत हा मासा जाळ्यात येतो आणि मच्छीमारांची जाळी फाडतो, ते लोक आधीच वैतागलेत.

ब्रिसलनोज त्यातल्या त्यात बरा, पाच इंचांवर जात नाही, स्वभावाने शांत. पण धोका शून्य नाही, त्याला लाकूड आणि लपायला जागा लागते, आणि तुमच्या टँकमध्ये भार वाढवायला वाव नाही. म्हणून तोही नको.

कोरी कॅटफिश दुकानात कोणी सुचवलाच तर आत्ताच सांगून ठेवते. त्याच्या पाठीच्या आणि बाजूच्या परांत काटा असतो आणि घाबरला की तो काटा ताठ करून अडकवतो. गोल्डफिश तोंडात मावेल ते गिळून बघतो. मग कोरी घशात आडवा, काटे दोन्हीकडे रुतलेले, दोघेही जातात. ऑटोसिंक्लसचंही तसंच.

शेवाळासाठी गोगलगाय घ्या, पण कोणती ते नीट बघून. पिवळी मिस्ट्री स्नेल घेऊ नका. तिच्या लांब मिशा गोल्डफिशला किडे वाटतात, तो त्या कुरतडत राहतो, ती झाकण लावून बसते, उपाशी मरते आणि कुजून अमोनिया चढवते. नेराइट घ्या, झेब्रा किंवा ऑलिव्ह, तीन-चार पुरे. कवच कडक, मिशा आखूड, काचेला घट्ट चिकटून चालते आणि शेवाळ खरंच खाते. पीएच ८ तिच्या कवचाला चांगलाच. काचेवर आणि लाकडावर तिळाएवढी पांढरी अंडी घालते, ती गोड्या पाण्यात वाढत नाहीत, फक्त दिसायला नको वाटतात. रॅम्सहॉर्न सोडल्यात तर बारक्या फस्त होतील, पौष्टिक खाऊ समजून सोडायच्या असतील तर गोष्ट वेगळी.

तरी शेवाळाचं मूळ नायट्रेट ४० आणि उजेड. दिवा सहा तासांवर आणा, खिडकीचं ऊन अडवा, पाणी निम्मं बदला. काचेचा उरलेला थर जुन्या एटीएम कार्डाने खरवडला की सुटतो.

काचघर_पुणे

सकर आणि शुबंकिन दोन्ही यादीतून गेले. नेराइट बघतो. खडी या रविवारीच काढतो.

आता एक नवीनच. र्‍युकिन तीन-चार दिवसांपासून मूरच्या मागे लागलाय, शेपटीखाली ढुशा देतो, विशेषतः सकाळी. आणि र्‍युकिनच्या गालांवर पांढरे दाणे दिसतायत. इच (पांढऱ्या ठिपक्यांचा रोग) आहे का? औषध घालू का?

तिसरी_शेपटी

थांबा, औषध घालू नका. आधी दाणे कुठे आहेत ते टॉर्च धरून नीट बघा.

फक्त कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या पराच्या पहिल्या जाड काडीवर, सगळे सारख्या आकाराचे, ओळीने बसवल्यासारखे आणि किंचित उंच असतील, तर तो नर आहे आणि हे विणीच्या हंगामातले दाणे आहेत. हंगाम सरला की जातात. इच असेल तर मिठाचे कण शिंपडल्यासारखे ठिपके परांवर, शेपटीवर, अंगावर कुठेही दिसतात, दोन-तीन दिवसांत वाढतात आणि मासा अंग घासत पळतो. तुमच्या वर्णनात ढुशा शेपटीखाली आणि सकाळी आहेत, म्हणजे तुमची मूर मादी असावी. वरून बघा, पोट एका बाजूला जास्त फुगलेलं दिसतं का.

विणीचा पाठलाग बहुतेक एक-दोन दिवसांत ओसरतो. अंडी पडली तर तिघे मिळून खाऊन टाकतील, पाणी मात्र गढूळ होईल आणि वर फेस येईल. त्याच दिवशी अर्धं पाणी बदला. तुमच्याकडे हे लांबत चाललंय, म्हणून मूर कोपरा धरून बसली असेल किंवा शेपटी फाटलेली दिसत असेल तर आजच टँकच्या मधे जाळी लावा. प्लास्टिकची चौकोनी भोकांची जाळी मापात कापून दोन्ही काचांना सक्शन कपने बसवायची. कापलेल्या कडा सँडपेपरने घासून गुळगुळीत करा, नाहीतर पर त्यातच फाटतात. दोन्ही कप्प्यांत एकेक स्पंज फिल्टर आला पाहिजे.

आता खरा मुद्दा. तुम्ही बाहेरच्या माशांची जोडी जुळवताय, पण आतल्या तिघांचीच जुळलेली नाही. फॅन्सीचे तीन गट करायचे. र्‍युकिन, फँटेल आणि ओरांडा हे पाठीवर पर असलेले, बऱ्यापैकी पोहणारे. त्यातही र्‍युकिन सगळ्यात चपळ आणि दांडगा, ओरांडा मवाळ. दुसरा गट पाठीवर पर नसलेल्यांचा: रांचू, लायनहेड. ते डुलत पोहतात, एकमेकांबरोबर सुखात राहतात. तिसरा दृष्टी अधू असलेल्यांचा: ब्लॅक मूर, बाकीचे टेलिस्कोप, सेलेस्टियल, बबल आय. यांना समोरचं नीट दिसत नाही, वासाने शोधून खातात. बबल आयला तर त्याच्या गटातही वेगळा ठेवलेला बरा, डोळ्याखालची पिशवी कशालाही लागून फुटते.

तुमच्याकडे पहिल्या गटातला सर्वांत दांडगा आणि तिसऱ्या गटातला एक, एकाच ताटावर. वीण संपली तरी खाण्याची मारामारी राहणारच. लगेच करता येण्याजोगं एवढंच: बुडणारे दाणे वापरा, तरंगणारे बंद. आधी चार दाणे उजव्या टोकाला टाकून र्‍युकिन आणि ओरांडाला तिकडे गुंतवा. मग मूरचे दाणे एअरलाइनच्या जाड नळीतून डाव्या कोपऱ्यात, रोज त्याच जागी, एका चपट्या बशीत सोडा. आठवडाभरात ती त्या कोपऱ्यात वाट बघायला लागते. महिन्यातून एकदा वरून फोटो काढून ठेवा. डोक्यामागचा भाग खोल जात चालला असेल तर ती उपाशी राहतेय.

कायमचा उपाय विचाराल तर र्‍युकिन कुणाला तरी द्या आणि त्याच्या जागी दुसरा टेलिस्कोप आणा. ओरांडा दोघांबरोबर निभावून नेईल.

कोमट_पाणी

दुसऱ्या प्रश्नाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

परदेशी याद्यांमध्ये पहिलं कारण तापमानाचं असतं: गोल्डफिश १८ ते २३ चा, बाकीचे २६ चे, म्हणून एकत्र नको. पुण्या-मुंबईत चिलरशिवाय टँक वर्षातला बराच काळ २६ च्या वरच असतो, तेव्हा ते कारण इथे अर्धंच लागू होतं. उलट त्या याद्यांतले ‘योग्य’ सोबती आपल्याकडे गोत्यात येतात. व्हाइट क्लाउड मिनो थंड पाण्याचा, तुमच्या मेमधल्या ३० अंशांत टिकणं अवघड, आणि दीड इंची असल्यामुळे ओरांडा मोठा झाला की तोंडात मावतो. हिलस्ट्रीम लोचला वाहतं, ऑक्सिजनने भरलेलं पाणी हवं आणि तुमच्या ओरांडाला प्रवाह नको. डोजो लोच स्वभावाने सगळ्यात चांगला सोबती, पण तोही गार पाण्यातला, सहा-आठ इंच होतो, झाकणाच्या फटीतून उडी मारून बाहेर पडतो. शिवाय थव्यात लागतो, म्हणजे चार फुटी टँकचं काम.

टायगर बार्ब विसरा. लांब हलणारी शेपटी दिसली की तोडणारच, थवा मोठा ठेवला तरी. एंजलही तसाच, आणि ब्लू गोरामी दांडगाई करतो. गप्पी गिळला जातो. मॉली त्यातल्या त्यात सुसह्य, पीएच ८ चं जड पाणी तिला मानवतं. पण ती दिवसभर काहीतरी चोचावत असते, संथ माशाच्या अंगावरचा थरही, आणि डिसेंबरात तुमचं पाणी १९ ला आलं की तिला इच धरतो. मग तिच्यासाठी हीटर, आणि हीटरमुळे गोल्डफिशचा थंडीतला आरामही गेला. झेब्रा डॅनिओला १८ ते २८ सगळं चालतं, तोच एक तापमानात बसतो. पण विजेसारखा पळतो, वरचं खाणं पळवतो आणि मूरचे हाल वाढवतो. आत्ताच्या टँकमध्ये तोही नको.

उन्हाळ्यात टँक आणखी ‘लहान’ होतो हे लक्षात घ्या. २० अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसात. त्याच वेळी माशाची गरज वाढते. शिवाय पीएच ८ ला एकूण अमोनियापैकी विषारी भाग २० अंशांना ४ टक्क्यांच्या आत असतो, ३० ला सात टक्क्यांच्या वर. म्हणजे किटवर तोच आकडा आणि विष जवळपास दुप्पट. डिसेंबरात बिनतक्रार चाललेला एक जादा मासा मेमध्ये सगळा टँक कोलमडवतो, तोही पहाटे, लाइट जाऊन एअर पंप बंद पडला की.

एप्रिलपासून झाकण काढून त्याजागी जाळी टाका आणि पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा लागेल असा छोटा पंखा लावा. पुण्याच्या कोरड्या हवेत दोन-तीन अंश उतरतात (मुंबईच्या दमटपणात तेवढं होत नाही). पाणी रोज कमी होईल, ते भरत राहा. बर्फाच्या बाटल्या टाकू नका, तापमान वर-खाली होऊन मासे आजारी पडतात. एअर पंप बॅटरीवरचा ठेवा.

वर हालचाल हवी असेल तर मोठ्या पानांचं ॲन्युबिआस लाकडाला बांधून अर्ध्या उंचीवर बसवा आणि एअर स्टोनचा बुडबुड्यांचा पडदा मागच्या काचेला लावा. मासे त्यातून ये-जा करतात, रिकामेपणा जातो.

काचघर_पुणे

दाणे फक्त गालांवर आणि छातीच्या परावर आहेत, अंगावर एकही नाही. जाळी लावली. एकच विचारतो: पाणी ५० टक्के बदलायचंच आहे, तर चौथा मासा म्हणून टेलिस्कोप वाढवला आणि र्‍युकिनही ठेवला तर?

टबातला_रांचू

हिशोबाने बघा. तिघांचे आठवड्याला १२, तर चौघांचे १६. निम्मं पाणी बदलून आकडा ३२ वर थांबेल. कागदावर जमतं, तेही आजच्या आकाराला. हेच मासे पाच-सहा इंचांचे झाले की १६ राहणार नाहीत. चौथा मासा घेणार असाल तर आठवड्याला दोनदा पाणी बदलायची तयारी ठेवा, मेमध्ये तर नक्कीच. माझं मत, अदलाबदल करा, भर घालू नका.

तिसरी_शेपटी

अनुमोदन. आणि टेलिस्कोप घेताना दुकानात खाताना बघून घ्या. दोन्ही डोळे स्वच्छ, पांढरी साय नको. तळाशी परांची घडी घालून बसलेला घेऊ नका. तुमच्या मूरपेक्षा फार मोठा नको, अर्ध्या इंचाचा फरक चालेल.

शंखशिंपले

जो कोणता मासा आणाल तो थेट टँकमध्ये नको. ५० लिटरचा टब घ्या. त्यासाठी नवा स्पंज आजपासूनच मुख्य टँकमध्ये चालू ठेवा, तीन आठवड्यांत त्यात जिवाणू तयार होतील. नवा मासा टबात किमान चार आठवडे. कुठूनही घेतलात तरी शेततळ्यातून आलेल्या गोल्डफिशवर अँकर वर्म आणि माशांच्या उवा येतात. अँकर वर्म बारीक दोरा लटकल्यासारखा दिसतो, उवा पारदर्शक बिल्ल्यासारख्या अंगावर सरकतात. चिमट्याने काढता आल्या तरी पिल्लं पाण्यात राहतात, म्हणूनच चार आठवडे.

खडे मीठ, बिनआयोडीनचं, लिटरला १ ग्रॅम, दर १२ तासांनी पुन्हा १, असं तीन ग्रॅमपर्यंत. कल्ल्यांतल्या फ्लूक नावाच्या परजीवी कृमींसाठी प्राझिक्वांटेल लिटरला २ ते २.५ मिलिग्रॅम, पाच-सात दिवसांनी दुसरा डोस. उवा आणि अँकर वर्म त्याने मरत नाहीत, त्यांचं औषध वेगळं. हे सगळं टबातच. मुख्य टँकमध्ये नेराइट असतील तर तिथे एवढं मीठ नाही आणि तांबं असलेलं औषध तर थेंबभरही नाही. टबाची जाळी, पाण्याचा मग आणि सायफनची नळी वेगळी ठेवा, त्यावर लाल टेप लावा म्हणजे घरातलं दुसरं कुणी चुकून मुख्य टँकमध्ये घालणार नाही.